बोका दर दहा मिनिटांनी ट्रेमध्ये जाऊन बसतोय: काय तपासायचं, कधी पळायचं

तक्रार अशी. नसबंदी झालेला बोका, वय पाच, वजन साडेपाच किलो, घरातच राहणारा. नऊ महिन्यांत तीनदा तोच प्रकार. ट्रेमध्ये जातो, माती उकरतो, पाठीला बाक काढून बसतो, बसूनच राहतो. बाहेर येतो आणि चार पावलं टाकून परत आत. लघवी होत नाही, झाली तर दोन थेंब. मग कोपऱ्यात जाऊन मागचा भाग चाटत बसतो. खाणं थोडं कमी. बाकी बरा दिसतो, हाक मारली की शेपटीचं टोक हलवतो.

या 'बाकी बरा दिसतो'नेच आम्हाला पहिल्यांदा गोत्यात आणलं.

बोक्याचं नाव बंड्या. आम्ही लालबागला राहतो, तिसऱ्या मजल्यावर, दीड खोलीत चार माणसं आणि हा. तिन्ही वेळी काय चुकलं आणि नंतर काय लागू पडलं ते लिहिते. मी डॉक्टर नाही. पण या एका दुखण्यापायी इतक्या वेळा क्लिनिकच्या बाकावर बसले आहे की आता कोण का आलंय ते बास्केटमधल्या आवाजावरून ओळखता येतं.

आधी एवढं वाचा

तुमचाही बोका आत्ता, या क्षणी असंच करत असेल आणि सकाळपासून त्याने नीट लघवी केलेली नसेल, तर पुढचं नंतर वाचा. डॉक्टरांना फोन करा आणि पहिलंच वाक्य हे बोला: "बोका आहे, लघवी होत नाहीये." 'जरा सुस्त आहे', 'खात नाहीये' यापासून सुरुवात केली की समोरचा माणूस उद्या सकाळची वेळ देतो.

एवढी घाई का, तर बोक्याचा मूत्रमार्ग लांब आणि टोकाला अगदी बारीक असतो. त्यात बारीक खडे किंवा चिकट स्राव आणि खड्यांचा बुचासारखा गोळा अडकला की वाट बंद. मूत्रपिंडं मात्र लघवी तयार करतच राहतात. लघवीची पिशवी ताणत जाते, बाहेर पडायला हवेत ते टाकाऊ पदार्थ रक्तात साठतात, पोटॅशियम वाढतं, आणि वाढलेलं पोटॅशियम हृदयाचे ठोके बिघडवतं. वाट पूर्ण बंद झालेला बोका एक ते तीन दिवसांत दगावू शकतो. उलट्या सुरू झाल्या, अंग गार लागायला लागलं, हाक मारून मान उचलेना, तर पाणी गळ्याशी आलंय असं समजा.

भाटीचा मूत्रमार्ग आखूड आणि रुंद असल्याने तिचं असं सहसा तुंबत नाही. जळजळ तिलाही होते, रक्तही जातं, तेव्हा तिलाही त्याच दिवशी दाखवायचं. पण मध्यरात्री टॅक्सी शोधत पळायची वेळ येते ती बहुतेक बोक्यापायी.

बद्धकोष्ठ समजून घालवलेली रात्र

पहिली खेप गणपतीतली. घरात पाहुणे, खाली रांगा, स्पीकर. बंड्या ट्रेमध्ये बसून कण्हत होता. सासूबाईंनी एका नजरेत निदान केलं, "अगं, पोट साफ होत नाहीये त्याचं. तुपाची धार दे." मलाही तेच वाटलं, कारण बसण्याची पद्धत अगदी तशीच होती. तूप दिलं, त्याने चाटलंही, सगळे निर्धास्त झाले. सकाळी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये स्टीलच्या पातेल्याशेजारी गुलाबी पाण्याचे तीन थेंब दिसले. माझा संशय टोमॅटोवर.

तो थेंब रक्ताचा होता. लघवी करताना आग होते तेव्हा बरीच मांजरं ट्रे सोडून गार, गुळगुळीत जागा शोधतात: सिंक, मोरी, बाथरूमची लादी. आपण म्हणतो, 'हल्ली घाण करायला लागलाय', आणि ओरडतो. चांगली सवय असलेलं मांजर अचानक भलतीकडे लघवी करायला लागलं, तर तो खोडसाळपणा नव्हे, दुखण्याची खूण आहे असंच आधी धरायचं.

लघवी अडली आहे की संडास, हे लांबून बघून खात्रीने सांगता येत नाही. डॉक्टर पोट चाचपून सांगतात: तुंबलेली पिशवी हाताला टणक लागते, संत्र्याएवढीसुद्धा. आपण मात्र दाबून बघायचं नाही, ताणलेली पिशवी फुटू शकते. घरी बसून करण्यासारखी तपासणी एकच, ट्रेमधले गोळे.

गोळे मोजा

पाणी लागल्यावर गोळे होणारी माती वापरत असाल तर तुमच्याकडे फुकटची प्रयोगशाळा आहे. धडधाकट मांजराचे दिवसाला साधारण दोन ते चार गोळे निघतात. बंड्याचे बऱ्या दिवसांतले गोळे लिंबाएवढे. बिघडायला लागला की आधी सुपारीएवढे सात-आठ, मग वाटाण्याएवढे दहा-बारा, मग काहीच नाही. हा उतार दुसऱ्या खेपेला दीड दिवस चालला होता. म्हणजे वाट बंद होण्याआधी दीड दिवस ट्रे आम्हाला सांगत होता, पण त्या आठवड्यात ट्रे साफ करायचं काम मुलाकडे होतं, आणि तो फावड्याने सगळं एकदम पिशवीत भरून मोकळा होत होता.

आता घरात नियम आहे. ट्रे जो साफ करेल त्याने कालनिर्णयवर त्या दिवसाच्या चौकोनात आकडा आणि अक्षर लिहायचं. '३ लिं' म्हणजे तीन लिंबं. '६ सु' दिसलं की त्याच दिवशी फोन. दुधाच्या हिशोबाशेजारी हा हिशोब बघून पाहुणे चक्रावतात, पण इलाज नाही.

वाळू किंवा रद्दी वापरत असाल तर गोळे होणार नाहीत, तेव्हा ओल्या डागांचा आकार बघा. रद्दी वापरणाऱ्यांना एक फायदा आहे, लघवीचा रंग कळतो. माती वापरत असाल तर पावसाळ्यात तिची पिशवी घट्ट बांधून ठेवा. मुंबईच्या दमट हवेत उघडी माती आधीच ओल धरते आणि मग नको तिथे गोळे दिसतात.

डॉक्टरांकडे काय होतं

वाट बंद असेल तर भूल किंवा गुंगी देऊन कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, घालतात, पिशवी रिकामी करून धुतात, सलाईन लावतात, रक्तात पोटॅशियम आणि क्रिएटिनीन (मूत्रपिंडांचं काम कळण्यासाठी) बघतात. कॅथेटर एक-दोन दिवस किंवा गरजेप्रमाणे जास्त ठेवतात. घरी आल्यावर पहिले काही दिवस पुन्हा तुंबायची भीती सगळ्यात जास्त, त्यामुळे गोळे मोजायची खरी वेळ तीच. लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी का करायची, तर खडे आहेत का आणि कुठल्या जातीचे ते कळावं म्हणून. स्ट्रुव्हाइट जातीचे खडे बहुतेक वेळा खास आहाराने विरघळतात. कॅल्शियम ऑक्झलेटचे विरघळत नाहीत, ते काढावेच लागतात. सारखं सारखं तुंबणाऱ्या बोक्यांचा मूत्रमार्ग शस्त्रक्रियेने रुंद करतात. आमच्यावर ती वेळ आली नाही.

बंड्याला खडे नव्हते. डॉक्टर म्हणाले, जंतूही नाहीत. मला वाटलं, काहीतरी राहून गेलंय. पण तरुण आणि मध्यम वयाच्या मांजरांमध्ये लघवीच्या अशा तक्रारींपैकी निम्म्याहून जास्त वेळा तपासणीत ठोस कारण सापडतच नाही. पिशवीला सूज येते आणि तिचा मनावरच्या ताणाशी जवळचा संबंध असतो. जंतुसंसर्ग या वयात क्वचित, म्हातारपणी जास्त. म्हणून मागच्या वेळच्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या कपाटातून काढून देण्यात काही अर्थ नाही.

परत परत का होत होतं

'मांजराला कसला आलाय ताण?' असं नवरा म्हणाला. दिवसाचे सोळा तास झोपणाऱ्याबद्दल माझंही तेच मत होतं. मग एका रविवारी कालनिर्णयची पानं उलटून तिन्ही तारखा शोधल्या. पहिली गणपतीतली. दुसरी फेब्रुवारीतली, इमारतीला रंग काढला होता तेव्हाची. खिडकीबाहेर परांची बांधलेली आणि बंड्याच्या नेहमीच्या गजापाशी दिवसभर अनोळखी माणसांचे पाय. तिसरी मे महिन्यातली, नणंदेची दोन्ही मुलं सुट्टीला आली तेव्हाची. पोरं गोड आहेत, पण त्यांनी बंड्याला पलंगाखालून ओढून काढायचा खेळ शोधला होता.

मांजराचा जीव त्याच्या जागेत आणि वेळापत्रकात असतो. ते मोडलं की कुणाला उलट्या होतात, कुणाचं केस चाटणं वाढतं, आमच्या बंड्याची पिशवी सुजते.

उपाय बारीकसारीक होते आणि सगळे एकदम केले, त्यामुळे नेमका कुठला लागू पडला ते सांगता येणार नाही. सगळ्यात लाज वाटली ती ट्रेच्या जागेची. जागा नाही म्हणून ट्रे वॉशिंग मशीनच्या फटीत ठेवला होता. बिचारा आत बसला आणि मशीनने पिळायला घेतलं की उडी मारून पळायचा. लघवी दाबून धरायला आम्हीच शिकवलं म्हणायचं. ट्रे आता गॅलरीत आहे, आडोशाला, आणि दुसरा एक कपाटाखाली. मांजरं असतील त्याहून एक ट्रे जास्त, असा साधारण नियम आहे. दीड खोलीत तो ऐकून हसू येतं, पण जुनी खोलगट परात किंवा प्लास्टिकचा टब कुठेतरी बसतो.

दुसरी गोष्ट पाणी. मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले, त्यांना मुळात तहान कमी लागते आणि ते लघवी घट्ट करतात. कोरड्या दाण्यात पाणी जेमतेम दहा टक्के, ओल्या खाण्यात पाऊणपट किंवा थोडं जास्तच. बंड्याला आम्ही नुसते दाणे घालत होतो, सोयीचं म्हणून. आता संध्याकाळचं खाणं ओलं, आणि सकाळच्या दाण्यांवर दोन-तीन चमचे कोमट पाणी. पाण्याच्या वाट्या तीन, खाण्यापासून लांब, पसरट. शुक्रवारी कोळणीकडून मांदेली येते तेव्हा थोडी उकडून काटे काढून तिच्या पाण्यासकट देते; मीठ, कांदा, लसूण काही नाही. कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, त्यामुळे आपल्या कालवणातला तुकडा धुऊन दिला तरी नको. आणि नुसत्या मासळीवर मांजर वाढवायचं नाही, त्यात सगळं मिळत नाही.

उलटा प्रकार: गोळे मोठे झाले तर

माझ्या गोळ्यांच्या व्याख्यानाला कंटाळून शेजारच्या काकू एकदा म्हणाल्या, "आमच्या मनीचं बाई उत्तम आहे. हे एवढाले गोळे!" आणि मुठी जोडून दाखवल्या. मनी तेरा वर्षांची. पाणीही भरपूर पिते म्हणाल्या, बाथरूमच्या बादलीवर चढून पिते. काकू कौतुकाने सांगत होत्या.

मांजर दिवसाला किलोमागे शंभर मिलिलिटरहून जास्त पाणी प्यायला लागलं की तपासणी हवी. साडेतीन किलोच्या मांजराला तो आकडा साडेतीनशे मिलिलिटर, म्हणजे दोन ग्लासांच्या आत. मूत्रपिंडं थकली, मधुमेह झाला किंवा थायरॉइड वाढलं, तर म्हातारं मांजर ढसाढसा पाणी पितं. यातल्या थायरॉइडचं सोंग तर फारच फसवं असतं: खाणं वाढतं, मांजर उत्साही दिसतं आणि वजन घटत जातं. मनीचं दुखणं मूत्रपिंडाचं निघालं. वर्षापूर्वी ती तीन किलो आठशे ग्रॅम होती, त्या दिवशी तीन दोनशे भरली. सहाशे ग्रॅम म्हणजे तुमच्या-माझ्या वजनातून नऊ-दहा किलो उतरल्यासारखं, पण रोज मांडीवर घेणाऱ्या काकूंना ते जाणवलं नव्हतं. दाट केसांत हाडं लपतात.

म्हणून महिन्यातून एकदा वजन करा. गावी जाताना बॅगा तोलायचा डिजिटल हुक-काटा घरात असेलच, त्याला मांजरासकट बास्केट अडकवा आणि रिकाम्या बास्केटचं वजन वजा करा. न ठरवता दहा टक्के वजन उतरलं की डॉक्टरांकडे जायचं, मग मांजर कितीही खेळत असो.

ट्रेशिवाय आणखी कुठे

उडी. फ्रिजवर एका झेपेत जाणारं मांजर आधी खुर्चीवर, मग ओट्यावर, मग फ्रिजवर असे टप्पे घेऊ लागलं तर सांधे दुखत असतील. आपण म्हणतो, वय झालं.

श्वास. गाढ झोपलेलं असताना छाती एकदा वर-खाली म्हणजे एक, असं मिनिटभर मोजा. पंधरा ते तीस ठीक. चाळीसच्या वर सारखा राहिला तर त्याच दिवशी दाखवा. कुत्रं तोंड उघडून धापा टाकतं ते नेहमीचंच. मांजर स्वस्थ बसून तोंड उघडं टाकून श्वास घेत असेल तर थांबायचं नाही. तसंच मागचे पाय अचानक लुळे पडून गार लागले आणि मांजर किंचाळत असेल, तर ते उडी चुकून मुरगळलेलं नसतं. हृदयाच्या दुखण्यातून रक्ताची गुठळी अडकून असं होतं.

हिरड्या गुलाबी हव्यात. पांढरट, पिवळ्या किंवा निळसर दिसल्या तर लगेच निघा.

खाणं. चोवीस तास काहीच खाल्लं नाही तर फोन. गुबगुबीत मांजराच्या बाबतीत तर नक्कीच, कारण उपास पडला की अंगातली चरबी यकृतात साठत जाते आणि मूळ दुखणं राहतं बाजूला, यकृतच बसतं. 'भूक लागली की खाईल' हे आपल्या पोरांना लागू, मांजराला नाही.

आणि चेहरा. कॅनडातल्या माँट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ साली मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखायची मोजपट्टी प्रसिद्ध केली. त्यात पाच गोष्टी बघतात: कान, डोळे, नाकातोंडाचा भाग, मिशा आणि डोक्याची ठेवण. कान एकमेकांपासून लांब जाऊन बाहेर वळलेले, डोळे आक्रसलेले, मिशा ताठ, डोकं खांद्यांच्या खाली गेलेलं. दुखत असताना बंड्याचा चेहरा अगदी असा होतो, रागावून बसलेल्या हेडमास्तरांसारखा. तेव्हा तो घुर्र घुर्रही करत असतो. घुरघुर म्हणजे खुशी असं मी कित्येक वर्षं समजत होते, पण दुखत असतानाही मांजर घुरघुरतं.

घरातल्या डब्यातलं काही देऊ नका

पॅरासिटामॉल मांजराचा जीव घेतं, माणसाची एक गोळीसुद्धा पुरते. तापात आपण घेतो तीच ही गोळी, आणि मुंबईत तिच्याशिवाय घर नाही. आयब्युप्रोफेनही नको. कुत्र्याच्या पिसवांचं, पर्मेथ्रिन असलेलं औषध मांजराच्या मानेवर टाकायचं नाही. तुंबल्याची शंका असताना एरंडेल, तूप, लघवी सुटायचा काढा यातलं काहीच नको. वाट बंद असताना लघवी वाढवून काय होणार? वाढदिवसाच्या पुष्पगुच्छात लिली असेल तर तो बाहेरच्या बाहेर कुणाला तरी देऊन टाका, तिचे परागसुद्धा मांजराची मूत्रपिंडं निकामी करतात.

रात्री बारा वाजता

दोन डॉक्टरांचे नंबर ठेवा, आणि ते दोन दिशांचे असू द्या. हिंदमाताला पाणी भरलं की परळचा डॉक्टर आमच्यासाठी परदेशात गेल्यासारखा असतो. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल, आमच्या भाषेत बैलघोडा, जुन्या लोकांना ठाऊक असतंच. महालक्ष्मीला २०२४ साली छोट्या प्राण्यांचं मोठं रुग्णालय सुरू झालंय. कुठेही जायचं असलं तरी रात्री कोण घेतं, किती वाजेपर्यंत घेतं, ते आज दुपारी फोन करून विचारा आणि फ्रिजवर चिकटवा. निघण्यापूर्वी ट्रेमध्ये बसलेल्या मांजराचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा, कारण टेबलावर गेल्यावर ते दगडासारखं बसतं. शेवटची नीट लघवी किती वाजता, शेवटचं खाणं किती वाजता आणि वजन किती, एवढं तोंडपाठ ठेवा. बास्केट माळ्यावर टाकू नका. आमची उघडी असते, आत जुनी ओढणी, बंड्या दुपारी तिथेच झोपतो. पहिल्या खेपेला तिची दोरी सोडण्यात वीस मिनिटं गेली होती आणि शेवटी त्याला उशीच्या अभ्र्यात घालून टॅक्सीत बसले होते.

यंदा गणपतीच्या आधी आठवडाभर कपाटाच्या खालच्या कप्प्यातून चादरी काढल्या, तिथे त्याची गोधडी टाकली आणि पाहुण्यांना सांगितलं की या कप्प्याशी कोणी जायचं नाही. दहा दिवस कालनिर्णयवर दोन लिं, तीन लिं, तीन लिं. विसर्जनाच्या दिवशी सकाळी ताशा सुरू झाला तो दुपार टळली तरी थांबला नाही, आणि संध्याकाळपर्यंत गोळा एकच. मी डॉक्टरांना फोन लावून विचारलं, त्यांनी रात्री दहापर्यंत वाट बघा, नाहीतर निघा म्हणून सांगितलं. बास्केट दाराशी आणून ठेवली. साडेनऊला बंड्या कप्प्यातून निघाला, गॅलरीत गेला, उकरण्याचा आवाज आला. मी पाठोपाठ टॉर्च घेऊन. लिंबापेक्षा जरा मोठाच होता.